नऊ लाल कार्डांची कैफियत

श्री.

वडगाव, शहापूर, कॅम्प व निपाणी मुलखीं नांदणाऱ्या समस्त सुना, सासवा, आणि उभयतांच्या मधोमध बसोन मुकाट्याने जेवणारे लेक, यांसी विदित व्हावे कीं, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासीं, बेळगाव शहराचे वडगाव पेठेंत जी थोर मोहीम जाहली तींत तोफ उडाली नाहीं, घोडा पडला नाहीं, एक लॅपटॉप मात्र दोन वेळां तापोन बंद पडला. तरी तिचा मजकूर जैसा घडला तैसा, कोणाची भीड न धरितां, येथे नमूद केला असे. वाचतां वाचतां ठसका लागल्यास पाणी प्यावे आणि पुढे वाचावे.

हकीकत ऐसीजे. उद्यमबागेतील कारखान्यांत सुपरवायझर असलेले राजश्री विक्रम यांचे घरीं दोन दौलती नांदत होत्या. एक मातोश्री जयाबाईसाहेबांची, ज्या जांबोटीच्या डोंगरांतून लग्न होवोन या घरीं आल्या आणि शेगडी, फडताळ व टीव्हीचा रिमोट हे तीन किल्ले क्रमाक्रमाने हस्तगत करोन बसल्या. दुसरी सूनबाई तेजस्वीबाईंची, माहेर निपाणी, शिक्षण बी.एस्सी., आणि काळजी करण्याचे इल्मांत त्यांचा हात धरील ऐसे माणूस उभ्या जिल्ह्यांत नाहीं. उभय दौलतींची वारस एकच, कन्या शाल्मली, वय वर्षे चार, एल्केजींत शिकणारी, जिच्या शिंकेची बातमी देखील दोन्ही दरबारीं निरनिराळी पोंचत असे. जयाबाईसाहेब खालचे मजल्यावर, तेजस्वीबाई वरचे मजल्यावर, आणि समोरासमोर बोलणे थोडके, म्हणोन वरल्या मजल्याहून खालच्या मजल्यास व्हॉट्सॲपवर खलिते पाठविण्याची चाल पडली होती.

त्यास दिवाळीपासोन शाल्मलीस खोकला लागला. खोकला ऐसा कीं छातींत मांजर गुरगुरावे, आणि पोरगी खेळतां खेळतां थांबोन भिंतीस हात लावोन उभी राहावी, आणि मग तिची आई तिजपेक्षां अधिक घाबरी व्हावी. औषधे जाहलीं, वाफारे जाहले, गुण येईना. तेव्हां जयाबाईसाहेबांनी आपले हेर लावोन शोध केला, तों ऐसे दिसोन आले कीं जेव्हां जेव्हां पोर आजोळीं निपाणीस जावोन परत येते, तेव्हां तेव्हां त्याच सांजेस खोकला उभा राहतो. इतका पुरावा त्यांस पुरला, आणि भर जेवणांत फर्मान सुटले कीं, "निपाणीची हवाच तंबाखूची हाय. गल्लीगल्लीत वखार. पोरीची छाती भरतीया. हितनं फुडं तिकडं न्यायचं न्हाय म्हंजे न्हाय." सदर फर्मान देते समयीं बाईसाहेबांचे चिमटींत निपाणीचीच तपकीर होती, हे लिहिणे दप्तरास भाग आहे.

बेळगाव आणि निपाणी हीं दोन्ही ठाणीं एकाच जिल्ह्यांत, मधे हमरस्ता, दर अर्ध्या तासाने एस्टी. नकाशावर त्यांचे दरम्यान कोणी सरहद्द काढली नाहीं. ती त्या दिवशीं जयाबाईसाहेबांनी ताटाभोवतीं पाणी फिरवावे तैसी काढली. आणि पुढील महिन्यांत तर निपाणीस तेजस्वीबाईंचे बंधूंच्या पहिल्या कन्येचे बारसे ठरलेले. आत्या म्हणोन बाळाचे कानांत नांव सांगण्याचा मान तेजस्वीबाईंचा, आणि त्यांचे मातोश्री मनुबाई रोज फोन करोन विचारीत कीं, "येतीस न्हवं गं? का मी दुसऱ्या कुणाला सांगू नाव घ्यायला?" यास उत्तर काय द्यावे? राजश्री विक्रम यांजकडे दाद मागावी, तर ते दोन्ही दरबारीं मान हलविणारे मुत्सद्दी. त्यांनी दोन दिवस विचार करोन निवाडा दिला कीं, छातीचे डॉक्टर धर्मराज यांची वेळ घेतली आहे, तीन आठवड्यांनी सोमवार, ते म्हणतील तैसे. तेव्हां सर्व मदार सोमवारावर येवोन ठेपली. डॉक्टरांनी निपाणीचे नांव घेतले कीं माहेर बंद. न घेतले तर वाट मोकळी.

डॉक्टरांचे दवाखान्यांतून ताकीद आली कीं, पोरीस काय काय जाहले, केव्हां जाहले, सर्व मागची हकीकत घेवोन यावे, पांच मिनिटे मिळतील. ही ताकीद ऐकोन तेजस्वीबाईंस घाम फुटला, कारण हकीकत त्यांचेपाशीं नव्हती ऐसे नाहीं, हकीकत अतोनात होती. कोणत्या दिवशीं किती वेळां खोकली, काय जेवली, शाळेंत कोणाशेजारीं बसली, कोणत्या रंगाचा शेंबूड आला, सर्व त्यांनी लिहिले होते; परंतु कांहीं कॅलेंडरचे मागे, कांहीं दुधाच्या हिशेबाचे वहींत, कांहीं गॅसच्या पुस्तकांत, कांहीं फोनमधे स्वतःस पाठविलेले मेसेज, आणि शाल्मलीचे फोटो चार हजार दोनशे. ऐसें दप्तर धर्मराजांपुढे मांडले तर पांच मिनिटांत पहिली पिशवी देखील उघडेना.

ऐसा पेच पडला असतां कॅम्पातील शाळेंत शिकविणाऱ्या सोनमबाई, तेजस्वीबाईंच्या कॉलेजच्या मैत्रीण, कुमकेस धावल्या. त्यांनी विक्रम यांचे जुने, परंतु पडद्यास बोट लावोन चालणारे, लॅपटॉपवर एक विद्या उतरविली, जीस त्या मुलखांत बोर्ड म्हणतात. बोर्ड म्हणजे पांढरे मैदान, ज्यास चारी दिशांस अंत नाहीं. त्या मैदानावर रंगीत कार्डे लावावीं, फोटो चिकटवावे, चिठ्ठ्या टांगाव्या, आणि ह्याचा त्याशीं संबंध म्हणोन मधे बाण ओढावे, म्हणजे जे डोक्यांत गुंतले ते डोळ्यांस सुटे दिसते. सोनमबाईंनी जाते समयीं उजवे कोपऱ्यांतील एक लहान चौकट दाखविली, तीवर "सगळं दाखव" ऐसी अक्षरे, आणि बजावले कीं, "कार्डं हरवली तर रडत बसायचं न्हाय गं तेजू. हे दाबायचं. कुठं का लांब पडलेली असंनात, सगळी समोर येतात." त्या समयीं जयाबाईसाहेब शेजारीं बसोन वाटाणे सोलीत होत्या. त्यांनी मान वर केली नाहीं, कान मात्र इकडेच होता. कोणाचेही ध्यानांत ती गोष्ट आली नाहीं.

मग रोज दुपारीं, पोर निजली म्हणजे, मोहीम चाले. पहिले दिवशीं तेजस्वीबाईंनी चौसष्ट कार्डे लिहिलीं आणि तीं सर्व एकावर एक ऐसीं रचलीं कीं मैदानावर एकच कार्ड दिसे, आणि त्यावर "सकाळी दोन इडल्या, एक ओकली" हाच मजकूर. दुसरे दिवशीं बोट घसरले आणि मैदान सरकले आणि फौज नाहींशी जाहली, आणि तेजस्वीबाईंनी फोनवर हंबरडा फोडिला, तेव्हां सोनमबाईंनी पलीकडोन विचारिले कीं कोपऱ्यांतली चौकट दाबली काय, तर ती दाबली नव्हती. तिसरे दिवशीं बाण ओढण्याची विद्या साधली, आणि तिचा मद ऐसा चढला कीं प्रत्येक कार्डांतून प्रत्येक कार्डाकडे बाण गेला. ताक, थंडी, शेजारणीचे कुत्रे, शाळेची बस, चुलत सासऱ्यांचा अगरबत्तीचा कारखाना, सर्व खोकल्याचे गुन्हेगार ठरले. सोनमबाई पाहावयास आल्या, आणि म्हणाल्या, "हे बोर्ड हाय का तुझं डोस्कं उघडून ठेवलीयस?" मग त्यांनी सर्व बाण पुसविले आणि नवीन कायदा दिला: एका कार्डावर एकच गोष्ट, प्रत्येक कार्डास तारीख व वेळ, प्रवास निळा, खाणे पिवळे, खोकला लाल, पुरावा असेल तो सर्व लावावा, आणि बाण शेवटीं.

"आणि ह्यो निबंध कशाला लिवायलीस कार्डावर? 'माझ्या बाळाला आज बरं वाटत नव्हतं, मला फार भीती वाटली.' डॉक्टरला तुझी भीती नकोय, वेळ पायजे."

"भीती पण लक्षणच की," तेजस्वीबाई उत्तरल्या.

"तुझं. पोरीचं न्हाय."

हा घाव वर्मीं बसला. तेजस्वीबाईंनी आपले भीतीचीं एकशें अकरा कार्डे काढिलीं. मैदान एकाएकीं मोकळे जाहले, आणि त्यावर लाल कार्डे उरलीं तीं नऊ.

नऊ वेळां खोकला उभा राहिला. त्यांपैकीं पांच वेळां पोर निपाणीहून परतली होती. येथवर जयाबाईसाहेबांचा शोध बावनकशी. परंतु चार वेळां निपाणीचे नांव नाहीं. एक शाळेच्या स्टेजवर परी जाहली तो दिवस, एक वाढदिवस, एक लग्न, आणि एक तो दिवस जेव्हां गल्लींतील एका बाईने पोरीचे केस धरोन "किती दाट गं बाई" म्हटले. आणि निपाणीस प्रत्यक्ष मुक्काम पडला ते अकरा दिवस, वखारीच्या वाऱ्यांत, तंबाखूच्या पोत्यांशेजारीं लपंडाव खेळतां, लाल कार्ड एकही नाहीं. हे पाहोन तेजस्वीबाई उठोन उभ्या राहिल्या, पाणी प्याल्या, पुनः बसल्या. निपाणी सुटली! परंतु मग गनीम कोण?

तेव्हां त्यांनी शेवटचा तोफखाना काढिला, म्हणजे फोटो. त्या नऊ दिवसांचे फोटो बोर्डावर ओढिले, आणि तारखेने व वेळेने रांग लावण्याची कळ दाबिली, आणि फोटो आपोआप आपापले जागीं जावोन उभे राहिले. पाहतात तों नऊही दिवशीं सांजेस शाल्मलीचा एक फोटो, हनुवटीवर ताज्या काजळाची तीट, डोळे लाल, मागे जयाबाईसाहेबांचा पदर, आणि कोपऱ्यांत शेगडी. त्यानंतर अर्धा तास. मग लाल कार्ड.

वाचणारांस उलगडा व्हावा म्हणोन सांगणे प्राप्त कीं, या घरची दृष्ट काढण्याची रीत ऐसी होती. पोर प्रवासांतून परतली, अथवा चारचौघींनी तिचे कौतुक केले, कीं खालच्या खोलींत दारे खिडक्या लावाव्या, दृष्ट बाहेर पळोन शेजारीं लागूं नये म्हणोन. पोरीस शेगडीपुढे पाटावर बसवावे. सुकी मिरची तिजवरोन ओवाळोन निखाऱ्यावर टाकावी. ठसका उठला तर दृष्ट नव्हती, न उठला तर होती, आणि मग मिरची वाढवावी. आतां ठसका उठतो कीं नाहीं हे ठरविणार जयाबाईसाहेबांचे नाक, आणि ते नाक तीस वर्षे तपकिरीने ऐसें निर्ढावलेले कीं त्यास मिरचीची दाद लागेना. "बघ, ठसका न्हाय! केवढी दृष्ट!" म्हणोन पांचाच्या सात आणि सातांच्या अकरा मिरच्या होत. पोर खोकों लागे, तो खोकला दृष्ट उतरल्याची खूण म्हणोन जमेस धरीत. पूर्वीं हे काम मीठमोहरीवर भागे. दिवाळींत मात्र विहीणबाई मनुबाईंनी प्रेमाने संकेश्वरच्या बाजारांतून दोन किलो जहाल मिरची नजराणा धाडिली, आणि तींतील अर्धी चटणींत गेली, अर्धी शाल्मलीवरोन. तेव्हां खोकला निपाणीहून आला हे जयाबाईसाहेबांचे म्हणणे अगदींच खोटे नव्हते. तो हवेंतून आला नाहीं, पिशवींतून आला.

इतका शोध लागला असतां तेजस्वीबाईंनी नगारा वाजवावा, तर त्यांचा हात थांबला. शेगडी नऊ वेळां पेटली. पेटविण्याचा हुकूम कोणाचा? त्यांनी फोन उघडोन सासूबाईंस धाडिलेले आपलेच खलिते पाहिले. "आत्ती, आज शाळेत सगळ्या बायका शालूकडंच बघत होत्या. दृष्ट काढा." "आत्ती, बसमध्ये एक बाई सारखी हिच्या गालाला हात लावायली होती. काढून टाका." "आत्ती, जरा जास्त मिरच्या घाला." ऐसे नऊ. सर्व वरचे मजल्यावरोन सुटलेले. आणि खोलींत धूर कोंडत असतां बी.एस्सी. सूनबाई वर गॅलरींत, कारण मिरचीचा धूर त्यांस सोसत नसे; धूर निवळला कीं खालीं येवोन फोटो मात्र काढीत.

सोनमबाईंचा कायदा कीं पुरावा सर्व लावावा. तेजस्वीबाईंनी नऊ खलित्यांचीं नऊ कार्डे केलीं, लावलीं, आणि त्यांकडे पाहिले. सोमवारीं धर्मराजांपुढे सासू शेजारीं असणार. पुसोन टाकावीं, तर काळजीवाहू स्वभाव, उद्यां लागलीं तर? म्हणोन त्यांनी तीं नऊ उचलिलीं, आणि मैदानाचे उत्तरेस, पांढऱ्या पांढऱ्यांतून लांब लांब नेवोन, जेथे कोणी जात नाहीं ऐसे ठिकाणीं ठेविलीं, आणि परत आल्या. मैदानावर आतां सासूची शेगडी, सासूचा पदर, आणि नऊ बाण. चित्र फार स्वच्छ दिसत होते.

सोमवार उगवला. स्वारी दरकूच दवाखान्यांत दाखल जाहली: विक्रम लॅपटॉप घेवोन, तेजस्वीबाई पिशव्या घेवोन, जयाबाईसाहेब तपकिरीची डबी घेवोन, आणि शाल्मली डॉक्टरांचे स्टेथोस्कोपावर डोळा ठेवोन. तेजस्वीबाईंनी बोर्ड उघडिला आणि तीन मिनिटांत, न अडखळतां, निळे, पिवळे, लाल, फोटो, ऐसे सर्व निवेदन केले. धर्मराज चष्मा वर करोन पाहात राहिले. मग त्यांनी जयाबाईसाहेबांकडे वळोन विचारिले कीं, "आज्जी, बंद खोलीत मिरची जाळता? लहान पोरीसमोर?"

जयाबाईसाहेबांचे मुखावरील रंग उडाला. उभ्या आयुष्यांत त्यांनी त्या पोरीस एक चापट मारिली नव्हती. त्या लॅपटॉपाकडे पाहात राहिल्या, फोटोंतील आपल्या पदराकडे, आणि नऊ बाणांकडे. विक्रम यांनी सवयीने दोन्हीकडे मान हलविली. मग जयाबाईसाहेब हळूच पुढे वांकल्या, आणि म्हणाल्या, "सगळं हाय न्हवं ह्येच्यात?"

"व्हय आत्ती," तेजस्वीबाई म्हणाल्या.

तेव्हां जयाबाईसाहेबांनी, वाटाणे सोलोन सोलोन हिरव्या जाहलेल्या बोटाने, नेमकी उजवे कोपऱ्यांतील ती चौकट दाबिली.

मैदान आक्रसले. सर्व फौज मुंगीएवढी होवोन मधे गोळा जाहली, आणि उत्तरेस, दूर, नऊ कार्डांचा एक ठिपका उगवला.

"हे तिकडं लांब काय ठेवलंयस गं?"

तेजस्वीबाईंनी पिशवींत उगीच कांहीं शोधावयास घेतले. जयाबाईसाहेबांनी, फोनांतील फोटो मोठा करावा तैसा, दोन बोटांनी तो ठिपका मोठा केला, चष्मा डोळ्यांस लावला, आणि दवाखान्यांत, कंपाउंडरासह सर्वांदेखत, अक्षर अक्षर जोडोन वाचिले: "जरा... जास्त... मिरच्या... घाला." मग वळल्या, आणि त्या मुलखींच्या बायकांचे चालीप्रमाणे पुल्लिंगीं गरजल्या:

"मी आपला तुझ्या मेसेजवर शेगडी पेटवत होतो की गं! मला वाटायचं, शिकल्याली पोरगी हाय, सांगतीया म्हंजे कायतरी बघूनच सांगत असंल!"

या तोफेपुढे कोणती फौज टिकावी? तेजस्वीबाई मान खालीं घालोन म्हणाल्या कीं, "मला भीती वाटायची आत्ती. कोण हिला छान म्हटलं की मला भीतीच वाटायची."

"मग मला काय वाटायचं न्हाय व्हय? म्हणून तर अकरा घालतोय."

मग धर्मराजांनी घड्याळ पाहिले, पांच मिनिटांची बारा जाहलीं होतीं, आणि कागद ओढोन सनद लिहिली कीं: धूर बंद, आजपासून, कोणाच्याही हुकमावरून; फवाऱ्याचे औषध दोन वेळां; निपाणीस जाण्यास हरकत नाहीं. आणि जाते समयीं विचारिले कीं हा बोर्ड कोणी शिकविला, आमच्या रिसेप्शनलाही पाहिजे होता.

मग रिक्षांतच तह जाहला. शेगडी परसदारीं जावी, पोर घरांत असावी. मिरची चटणींत पडावी, निखाऱ्यावर पडूं नये. दृष्ट काढणे जाहल्यास मीठमोहरीने ओवाळोन मोरींत टाकावी, कारण ती चाल एकाएकीं मोडणे उभय पक्षांस झेपणार नाहीं. तपकिरीचे कलम पुढील बैठकीस ठेवावे. आणि निपाणीची सरहद्द रद्द. मनुबाईंस फोन गेला कीं आत्या येते आहे, आणि मागाहोन फोन ओढोन घेवोन जयाबाईसाहेबांनी स्वमुखें कळविले कीं, "मी बी येतो. आणि हे बघा विहीणबाई, मिरची परत देऊ नगा. काजू द्या."

बारसे थाटांत जाहले. तेजस्वीबाईंनी बाळाचे कानांत नांव सांगितले, पाठीवर बुक्के खाल्ले. शाल्मली तंबाखूच्या वखारीशेजारीं अंगणांत धांवत होती, एकदांही न थांबतां, आणि पाळण्याभोवतींच्या बायांपैकीं एकीने तिचा हात धरोन म्हटले, "काय गोड पोर हाय गं, नजर लागंल अशी!" तेजस्वीबाईंचा हात आपोआप फोनाकडे गेला, अंगठ्याने "आत्ती, ज" इतके लिहिले देखील. तों कोपरापाशीं जयाबाईसाहेबांचा आवाज आला:

"मी हितंच बसलोय. मेसेज नको."

येणेंप्रमाणे सदर मोहीम, मार्गशीर्ष मासीं रविवारीं, निपाणी मुक्कामीं फत्ते जाहली. त्या दिवसापासोन आजतागायत सतरा दिवस गेले, दहावे लाल कार्ड लागले नाहीं. बोर्डावर विजयाची नोंद दोन हिरव्या कार्डांवर करण्यांत आली. तीत शत्रू कोण आणि जेता कोण हे लिहितां दोन्ही ठिकाणीं तेजस्वीबाई हेच नांव पडले, त्यांपैकीं शत्रूचे कार्ड तेजस्वीबाईंनी पुनः उत्तरेस लांब नेवोन ठेविले, आणि जयाबाईसाहेबांनी वाटाण्याचे परडीवरोन हात लांबवोन "सगळं दाखव" दाबिले. मोर्तब.